थायरॉईड तर सगळ्यांनाच असतो!

"डॉक्टर, मला थायरॉईड आहे," असे सांगत खुर्चीवर बसणारा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा तरी भेटतो. मी म्हणतो, "अहो, मलाही आहे. बाहेर बसलेल्या आमच्या कंपाउंडरलाही आहे. नसता तर पंचाईत झाली असती." समोरचा माणूस गोंधळून बघतो. थायरॉईड हे रोगाचे नाव नाही, गळ्यातल्या एका ग्रंथीचे नाव आहे. "मला यकृत आहे" किंवा "मला मूत्रपिंड झाले" असे कोणी म्हणत नाही, पण थायरॉईडच्या वाट्याला मात्र हे आले आहे खरे. म्हणून आजच्या लेखात या ग्रंथीविषयी थोडे सविस्तर लिहितो. लिहिण्यामागे माझी स्वतःची एक चूकही आहे. ती पुढे सांगणारच आहे.

गळ्यावर हात ठेवून आवंढा गिळून पाहा. कंठमणी वर सरकतो. त्याच्या थोडे खाली, श्वासनळीला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी बसलेली असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर मी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. एवढीशी ग्रंथी, पण डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखांपर्यंत सगळ्या पेशींनी किती वेगाने काम करायचे हे तीच ठरवते. अन्नातले आयोडीन वेचून घेऊन ती टी-४ आणि टी-३ हे दोन स्राव तयार करते व रक्तात सोडते. चुलीतला जाळ कमीजास्त करावा तसे हे स्राव शरीराची गती कमीजास्त करतात. जाळ कमी पडला तर सगळे थंडावते, आणि जास्त झाला तर उतू जाते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची देखरेख असते. तिला मुकादम समजा. मजूर नीट काम करीत असले की मुकादम हळू आवाजात बोलतो. मजूर ढिले पडले की तो ओरडू लागतो. रिपोर्टमध्ये जो टी.एस.एच. लिहिलेला असतो, तो या मुकादमाचा आवाज. म्हणून टी.एस.एच. वाढला म्हणजे थायरॉईड वाढला असे नव्हे, उलट तो मंदावला. आणि टी.एस.एच. अगदीच खाली गेला तर बहुधा थायरॉईड अति काम करीत आहे. हा उलटा हिशेब एकदा डोक्यात बसला की रिपोर्ट वाचताना घोटाळा होत नाही. मोठ्या माणसांत साधारणपणे ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा ठीक समजतात.

शाळेतल्या बाई

आता ती चूक. १९९८ सालची गोष्ट. दवाखाना सुरू करून मला चार वर्षे झाली होती आणि आपल्याला सगळे येते असे वाटण्याचे ते वय होते. जवळच्या प्राथमिक शाळेतील एक बाई माझ्याकडे येत असत. वय अडतीस-चाळीस. पहिल्यांदा आल्या त्या थकव्यासाठी. पाळीच्या वेळी अंगावरून फार जाते असेही म्हणाल्या. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पालेभाज्या खायला सांगितल्या. आपल्याकडच्या बायकांचे रक्त कमीच असते, हे कारण मला पुरेसे वाटले.

दोन महिन्यांनी बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन आल्या. इसबगोल दिले. नंतर केस गळतात म्हणाल्या. पावसाळ्यात गळतातच, असे मी म्हणालो. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते म्हणाल्या, तेव्हा बी कॉम्प्लेक्सची इंजेक्शने झाली. वजन वाढत होते. त्यावर "जेवण कमी करा, सकाळी फिरायला जा" हा आम्हा डॉक्टरांचा ठरलेला सल्ला मीही दिला. "डॉक्टर, मी दोन पोळ्यांच्या वर खात नाही हो," असे त्या म्हणाल्या होत्या. माझा विश्वास बसला नाही. प्रत्येक तक्रारीला मी एकेक औषध दिले, पण सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून काढल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी त्यांचे यजमान सोबत आले. बाईंना बाहेर बसवून हळू आवाजात म्हणाले, "ही वर्गात टेबलावर डोके ठेवून झोपते. मुख्याध्यापकांनी लेखी विचारणा केली आहे. घरी आईशी पटत नाही, आई म्हणते ही कामचुकार आहे. हिच्या डोक्याचे तर काही नसेल ना?" मी बाईंना आत बोलावून विचारले, "घरात काही ताण आहे का?" त्या रडल्या. रडल्या म्हणजे ताण आहेच, असे समजून मी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. थायरॉईड फारच मंदावलेल्या माणसाला अशा गोळ्या धोक्याच्या असतात. प्रसंगी बेशुद्धीपर्यंत वेळ येते. बाईंनी दोनच गोळ्या घेतल्या आणि "आधीच झोप आवरत नाही, आणखी कशाला" म्हणून पुडी बाजूला ठेवून दिली. त्यांचे हे शहाणपण माझ्या कामी आले.

त्यानंतर काही दिवसांनी, एप्रिल महिन्यात, रात्री घरचा टेलिफोन वाजला. पलीकडून जाड, घोगरा आवाज. मी म्हणालो, "बोला साहेब, बाईंची तब्येत कशी आहे?" क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग तोच आवाज म्हणाला, "डॉक्टर, मीच बोलतेय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉलेजात आमचे सर सांगत की थायरॉईड मंदावलेला पेशंट टेलिफोनवरही ओळखता येतो, कारण स्वरयंत्राला सूज येऊन आवाज जाड होतो. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलेही होते. आणि दोन वर्षे बाई माझ्यासमोर बसून, ऐन उन्हाळ्यात "जरा पंखा बंद करता का" असे विचारीत होत्या, तेव्हा मी हसून पंखा बंद करीत होतो.

सकाळी त्यांना बोलावून घेतले. खुर्चीवर गुडघे टेकवून उभे केले आणि घोट्यामागच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने टकटक केले. निरोगी माणसाचे पाऊल झटकन हलते आणि झटकन जागेवर येते. बाईंचे पाऊल हलले, आणि परत यायला इतके सावकाश आले की कोणीतरी धरून खाली ठेवत आहे असे वाटावे. नाडी ५४. कातडी कोरडी, थंड. डोळ्यांखाली फुगवटा, तो मी आजवर जागरणाचा समजत होतो. आमच्या गावात त्या वेळी ही रक्ततपासणी होत नसे. नमुना पुण्याला पाठविला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, टी.एस.एच. १०० च्या वर.

पंचवीस मायक्रोग्रॅमच्या गोळीने सुरुवात करून हळूहळू शंभरापर्यंत नेले. पहिल्या महिन्यात फारसा फरक नव्हता. तिसऱ्या महिन्यात बाई आल्या त्या पायऱ्या भराभर चढून. मनगटात रुतून बसलेल्या बांगड्या आता सैल झाल्या होत्या, त्या त्यांनी हात हलवून दाखविल्या. पुढे हिमोग्लोबिनही वर आले. लोहाच्या गोळ्यांनी ते का येत नव्हते याचे उत्तर मला मिळाले. अति रक्तस्रावाचे मूळच थायरॉईडमध्ये होते. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, म्हणजे मी आळशी नव्हते ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी मला ते वाक्य यजमानांच्या आणि सासूबाईंच्या समोर पुन्हा म्हणायला लावले. मी म्हणालो, आणि माझी चूकही सांगितली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण पुढे कळले की गोळी उपाशीपोटी घ्यायची म्हणून घरातला सकाळचा चहा त्यांनी स्वतःहून अर्धा तास पुढे ढकलला होता.

असे का होते? आयोडीन पुरेसे मिळत असलेल्या माणसांत याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या ग्रंथीला परके समजून तिच्यावर हल्ला करते. हाशिमोटो नावाच्या जपानी सर्जनने १९१२ साली याचे वर्णन केले, म्हणून आजारालाही त्यांचेच नाव आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी जास्त आढळतो, आणि एकाच घरातल्या आई, मावशी, बहिणींत दिसतो. आपल्या देशातील आठ मोठ्या शहरांत झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. मुंबई आणि गोवाही त्यात होते. तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांचा थायरॉईड मंद निघाला. आपल्या आळीत शंभर मोठी माणसे असतील तर त्याच प्रमाणात किती होतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

बाईंच्या तक्रारींत आणखी काही जोडता येतील. विसरभोळेपणा, मन उदास राहणे, कोलेस्टेरॉल वाढणे, दिवस न राहणे किंवा राहून पडणे. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा टी.एस.एच. पाहावा हे मी आता नियमाने करतो. मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हल्ली शिबिरात फुकट तपासणी होते, टी.एस.एच. सहा येतो आणि माणूस हबकून जन्मभराची गोळी मागायला येतो. इतका किंचित वाढलेला आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि मगच ठरवावे. गरोदर बाई किंवा मूल हवे असलेली बाई असेल तर मात्र थांबू नये. वजन वाढले की थायरॉईडला दोष देणेही सोयीचे असते. मंद थायरॉईडने वाढणारे वजन बहुतेकांत चार-पाच किलोच्या आसपास असते, आणि त्यात बराच भाग पाण्याचा व सुजेचा असतो. वीस किलोंचा हिशेब दुसरीकडे शोधावा.

दुसऱ्या टोकाचा आजार

आठवडी बाजारात भांडी विकणारे एक पन्नाशीचे गृहस्थ. पाच महिन्यांत अकरा किलो वजन उतरले. गंमत अशी की भूक दुप्पट झाली होती. पाच भाकरी खाऊनही माणूस वाळत होता. खोकला नाही, पण गावाने क्षय ठरवून टाकला, आणि काहींनी त्याहून वाईट कुजबुज सुरू केली. बेडक्याची तपासणी झाली, एच.आय.व्ही.ची झाली, साखरेची झाली. सगळे चांगले. माझ्याकडे आले तेव्हा थंडीच्या दिवसांत सदरा घामाने भिजलेला. मी त्यांना दोन्ही हात पुढे करायला सांगून बोटांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवला. कागद वाऱ्याने हलावा तसा थरथरू लागला. नाडी १२४. डोळे मोठे, टक लावून बघितल्यासारखे. ही थायरॉईडच्या अति कामाची लक्षणे. यातला सर्वांत नेहमीचा प्रकार ग्रेव्ह्ज या आयरिश डॉक्टरने १८३५ साली वर्णन केला.

हा आजार अंगावर काढला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. हाडेही ठिसूळ होतात. उपचाराचे तीन मार्ग आहेत: गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया. गोळ्या बहुधा वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात. त्या घेत असताना ताप आला, घसा फार दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्यात. कारण क्वचित एखाद्याच्या त्या पेशी एकदम घटतात, आणि ते जिवावर बेतते. किरणोत्सारी म्हटले की लोक दचकतात. पण परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६० च्या दशकापासून असे उपचार होत आले आहेत. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते देत नाहीत. या उपचारानंतर पुढे पुष्कळांचा थायरॉईड मंदावतो आणि रोजची गोळी लागते, हे आधीच माहीत असावे. आमच्या भांडीवाल्यांना गोळ्या लागू पडल्या. बिडी मात्र सुटायला वेळ लागला. ती सोडायलाच हवी होती, कारण धूम्रपानाने या आजारातले डोळे आणखी बिघडतात.

गोळीची कहाणी

मंद थायरॉईडच्या गोळीविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या औषधाविषयी असतील. "एकदा सुरू केली की सवय लागते" हा पहिला. सवय लागत नाही. शरीरात जे तयार होत नाही तेच आपण बाहेरून देतो. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचायला सुरुवात केली. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. आपल्याला मेंढ्या शोधाव्या लागत नाहीत, तीच वस्तू छोट्या गोळीत मिळते.

गोळी सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. चहासुद्धा नाही, कारण चहा-कॉफी, दूध यांनी ती नीट शोषली जात नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत व हिच्यात चार तासांचे अंतर हवे. मी कित्येक गरोदर बायकांना तिन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेताना पाहिले आहे. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच रक्त तपासावे, त्याआधी आकडा स्थिरावत नाही. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घेतली तर चांगले. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी बंद कराव्यात, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. गोळीची बाटली ओलसर मोरीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

आणि "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली" हे तर दर महिन्याला ऐकतो. अहो, गोळीमुळेच तो नॉर्मल आला! उलट वजन उतरावे म्हणून जावेची गोळी चोरून घेणारी एक मुलगीही मी पाहिली आहे. तिची छाती इतकी धडधडत होती की घरच्यांना हृदयविकाराचा झटका वाटला. साठीपुढच्या व हृदयरोगी माणसांना डोस अगदी थोड्यापासून वाढवतात, हे याच कारणासाठी. कोबी-फ्लॉवर पूर्ण बंद करायची गरज नाही, शिजवून बेताने खावेत.

मिठाविषयी थोडेसे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला २५०. सत्तर वर्षांचे आयोडीन एकत्र केले तर चहाच्या एका चमच्यात मावेल. पण ते रोज मिळाले पाहिजे. डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साध्या मिठावर १९९८ साली बंदी आली, २००० साली ती उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. घरापर्यंत पोचलेल्या मिठात किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. मिठाचे भांडे झाकणाचे असावे, शेगडीजवळ नसावे. हल्ली आरोग्याच्या नावाखाली बारा महिने सैंधव खाण्याची टूम निघाली आहे. उपासाला सैंधव चालेल, पण त्यात पुरेसे आयोडीन नसते. ज्या घरात गरोदर सून आहे त्या घराने तरी हा नाद करू नये. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बारा आठवड्यांपर्यंत काम सुरू करीत नाही. तोपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवरच अवलंबून असते. ज्या बायकांना आधीपासून गोळी चालू आहे, त्यांनी दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो.

शेवटी एका मुलाविषयी सांगतो. त्याला माझ्याकडे आणले तेव्हा तो चार वर्षांचा होता, दिसायला दीड वर्षाचा. जीभ जाड, बाहेर आलेली, पोट पुढे, बेंबी फुगलेली. चालत नव्हता, बोलत नव्हता. आई म्हणाली, "लहानपणी फार गुणी होता. रडायचाच नाही. दुधाला उठवावे लागायचे." जन्मतः थायरॉईड नसलेली किंवा अगदी मंद असलेली बाळे अशीच गुणी असतात. आपल्या देशात सुमारे हजार-अकराशे जन्मांमागे असे एक बाळ असते, आणि जन्मल्यावर बहुधा वरून काहीच दिसत नाही. गोळी सुरू केली. मुलगा चालू लागला, उंची वाढली, जीभ आत गेली. आई दर खेपेला विचारी, "डॉक्टर, आता शाळेत घालू ना?" मेंदूचे जे नुकसान पहिल्या दोन-तीन वर्षांत झाले होते ते कोणत्याही गोळीने भरून येणार नव्हते, हे सांगायला मला तीन खेपा लागल्या. हेच औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले असते तर तो चारचौघांसारखा झाला असता.

यासाठी बाळ दोन-तीन दिवसांचे झाल्यावर त्याच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन तपासावे लागतात. सगळ्या दवाखान्यांत ही तपासणी आपणहून होतेच असे नाही. घरात बाळंतपण जवळ आले असेल तर प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय बाळाच्या फायलीत ही तपासणी झाली असे समजू नका.